मागची साथ

विहंग तालमीला निघाला तो भर दुपारी, घरात बसवेना म्हणून. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या त्या दोन खोल्या अवंतिका गेल्यापासून त्याला खायला उठत. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत त्याची बायको हातची गेली होती.

नया बाजारामागच्या जुन्या सभागृहात हेमांगी ऑपेरा बसवत होती. ग्वाल्हेरात ऑपेरा म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडलीच. पण गोष्ट सोपी होती. ग्रीक पुराणातला एक गवई मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणतो. अट एकच, ती मागून येईल, उजेडात पोचेपर्यंत त्यानं वळून बघायचं नाही. गवई विहंग होता. बायको अवंतिका होणार होती. ती गेल्यावर हेमांगीनं तिची जागा रिकामीच ठेवली.

"दादा, शेवटी गात गात सीधे दारापर्यंत चालायचं. पीछे मत देखना," हेमांगी सांगत होती, तेवढ्यात वीज गेली. काळ्या पडद्यांमुळे आत मिट्ट काळोख झाला. "मी जनरेटर बघून येते," म्हणत ती बाहेर गेली.

विहंग थांबला नाही, गाऊ लागला. दोन ओळी झाल्या आणि मागे तंबोरा झंकारला. तालमीत तंबोरा नव्हताच. मग ओल्या केसांचा, शिकेकाईचा वास आला. त्याच्या अंगावर सरसरून काटा उभा राहिला, भीतीपेक्षा आशेनं.

"अवंती...?"

"चालत राहा ना..." आवाज अगदी मानेजवळ होता. "इथे बहुत अंधेरा आहे रे..."

तो चालत राहिला, गात राहिला. देवा, एवढं एकदाच दे, एवढं एकदाच. मागे पाऊल वाजत नव्हतं, नुसती लुगड्याची सळसळ होती. दाराखाली उजेडाची चीर दिसू लागली.

पण त्या दोघांच्या गाण्याची एक रीत होती. मागे तंबोऱ्यावर बसलेल्यानं आपणहून गायचं नाही. पुढच्यानं जागा मोकळी सोडायची, मान वळवून 'घे' म्हणायचं, मगच त्यानं आवाज लावायचा. लग्नापासून विहंग अवंतिकाला असंच गाणं देत आला होता. आता तो षड्जावर आला, जागा सुटली आणि सवयीनं त्याची मान वळली.

"घे."

दाराखालच्या अंधुक उजेडात मागे कुणी नव्हतं. तंबोरा थांबला होता. विहंग गुडघ्यांवर कोसळला आणि कपाळ फरशीवर आपटू लागला. परत येत असलेली बायको त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती.

दार उघडलं. मोबाइलचा दिवा घेऊन हेमांगी आत आली आणि जागीच थिजली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या खांद्यामागे बघत होती.

"दादा... या... या कधी आल्या?"

विहंग गर्रकन वळला. कुणीच नव्हतं. "कुठे? बता ना, कुठे आहे?"

"मागे... तुमच्या मागे..."

तो पुन्हा वळला. पुन्हा वळला. हात पसरून, तिच्या नावानं टाहो फोडत गरगर फिरत राहिला, आणि हेमांगीची नजर त्याच्याभोवती तशीच फिरत राहिली.

"दादा, बस करा..." ती एक पाऊल मागे सरली. "गातायत त्या... तोंड उघडून गातायत... पण आवाज येत नाहीये..."