कारवीची पोकळ बोंडं

वन्याने सोनकड्याच्या उतारावर बसून कारवीची शंभर बोंडं फोडली. शंभरही पोकळ निघाली.

सहावीतल्या वन्याला शाळेत दाखवायला कारवीचं बी हवं होतं. कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप. सात वर्षं ते नुसतं वाढतं, आठव्या वर्षी एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरून जातं. मागच्या भाद्रपदात सगळा डोंगर जांभळा झाला होता. मग एवढ्या फुलांचं बी गेलं कुठे?

तिने बोंडं रुमालात बांधून आजोबांकडे आणली. तिचे आजोबा, डॉ. सागर शेलार, यांनी यंत्रमाश्या बनवल्या होत्या. शेंगदाण्याएवढी ती यंत्रं पठारावरच्या स्ट्रॉबेरीच्या फुलांवर दिवसभर फिरत. गावाला आजोबांचा मोठा अभिमान होता.

आजोबांनी एक बोंड उभं चिरून भिंगाखाली धरलं. आत बारीक, सुकलेले ठिपके होते. ती बीजांडं (ज्यांचं पुढे बी होतं ते कण), असं त्यांनी सांगितलं. एका फुलातले परागकण (फुलातली बारीक भुकटी) दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) पोचले, तरच कारवीच्या बीजांडाचं बी होतं. याला म्हणतात परागीभवन. फुलाला काही चालत जाता येत नाही. म्हणून ते गोड रस तयार ठेवतं. माशी रस प्यायला येते, तिच्या अंगावरच्या लवेला पराग चिकटतात, आणि पुढच्या फुलावर बसली की ते तिथे लागतात.

यंत्रमाश्या कारवीवर का गेल्या नाहीत, असं वन्याने विचारलं.

"त्यांना मी एकच फूल ओळखायला शिकवलंय, स्ट्रॉबेरीचं," आजोबा म्हणाले. "खऱ्या माशीला भूक असते, म्हणून रस मिळेल त्या फुलावर ती जाते. यंत्राला भूक नसते."

"मग खऱ्या माश्या कुठे गेल्या?"

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते वन्याने आजवर कधीच ऐकलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण मीना मधमाश्या पाळायची. तिच्या चाळीस पेट्या होत्या. यंत्रमाश्या आल्या तेव्हा आजोबांनी सरकारला अहवाल दिला, की पठाराला आता मधमाश्यांची गरज नाही. माश्या लागत नाहीत म्हटल्यावर कीटकनाशकांच्या फवारणीला धरबंद राहिला नाही. बांधावरची जांभळाची आणि गेळ्याची झाडं तोडून तिथे आणखी स्ट्रॉबेरी लावली गेली. दोन वर्षांत पेट्या रिकाम्या झाल्या, डोंगरातली पोळीही गेली. मीनाआजी गाव सोडून लेकीकडे गेली आणि तिकडेच वारली. जाण्यापूर्वी तिने भावाला स्वतः लिहिलेलं एक छोटं पुस्तक दिलं होतं. ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही, शाळेच्या ग्रंथालयात देऊन टाकलं.

"तुम्हाला कळलं नव्हतं, असं होईल म्हणून?" वन्याने विचारलं.

"मी फक्त स्ट्रॉबेरी मोजली होती," आजोबा म्हणाले. "बाकी काही मोजलंच नाही."

वन्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातून मीनाआजीचं पुस्तक आणलं. त्यात बारा महिन्यांचा तक्ता होता. चैत्रात जांभूळ आणि गेळा, वैशाखात हिरडा, भाद्रपदात सोनकीची पिवळी रानफुलं. एखादा महिना जरी बिनफुलांचा गेला तरी माश्यांची उपासमार होते, असं खाली लिहिलं होतं. शेवटच्या पानावर रानातल्या पोळ्यांच्या जागा होत्या. त्यातली काळदरी पठारापासून सगळ्यात लांब होती; तिथवर फवारणी पोचली नसेल, असं वन्याला वाटलं.

रविवारी दोघं काळदरीत उतरले. कड्याच्या कपारीतून सातेरी जातीच्या रानमधमाश्या ये-जा करत होत्या. आसपासच्या वाळलेल्या कारवीवरचं एक बोंड वन्याने फोडलं. तिच्या तळहातावर चपटं, तपकिरी बी पडलं. आजोबा दगडावर बसून राहिले.

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, की आपला अहवाल चुकीचा होता आणि मीनाताईचं बरोबर होतं. माश्यांना घातक औषधं बंद करायला फक्त तिघे शेतकरी तयार झाले. त्या तिघांच्या बांधांवर वन्याने जांभूळ आणि गेळ्याची रोपं लावली. काळदरीतलं थोडं बी तिने आणि आजोबांनी सोनकड्यावर पेरलं.

त्या पावसाळ्यात मेलेल्या कारवीची मुळं सुटली आणि अर्ध्या उताराची माती ओढ्यात वाहून गेली. पेरलेल्या जागी मात्र दोन-दोन पानांची रोपं उभी राहिली. मोजली तर एकोणसत्तर भरली.

"ही फुलतील तेव्हा तू कॉलेजात असशील," आजोबा म्हणाले. "मी बहुतेक नसेन."

वन्याने त्यावर खोटी समजूत घातली नाही. तीन शेतकऱ्यांपैकी एक, बबनकाका, खालच्या बांधावर गवत काढत होते. जांभूळ-गेळा फुलणार चैत्रात; मग आश्विनात माश्यांसाठी काय लावावं आणि त्यासाठी काकांचा आणखी कुठला बांध मोकळा आहे, हे विचारायला ती उतारावरून खाली निघाली.