कॅप्टन हार्बींनी मोजलेली उंची

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ब्रिजेट पास्क माझी शेजारीण. आमच्या परसांमध्ये एकच कुंपण. तिने हे मला सांगितलं ते परसाकडचं दार लावून घेतल्यावर. ती काही घाबरट बाई नाही. तीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलंय.

तारीख होती १५ नोव्हेंबर २०१८. गुरुवार. इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं आमचं खेडं. बीट काढून रिकामी झालेली शेतं, आणि त्यांच्यावर सकाळपासून बसलेलं धुकं.

वेळ... दुपारचे चार.

ब्रिजेटच्या परसात एक मोठी शेड आहे. त्या शेडमध्ये एका विमानाचं नाक आहे.

हो, खरंखुरं विमान. व्हायकाउंट. चार पंख्यांचं, मोठ्या लंबगोल खिडक्यांचं जुनं प्रवासी विमान. ब्रिजेटचे वडील, कॅप्टन लेस्ली हार्बी, असंच विमान चालवायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. विमान चालवतानाच. १९७१च्या फेब्रुवारीत, हवेत असताना, हृदय बंद पडून. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने एकट्याने विमान उतरवलं. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ब्रिजेटने हे नाक भंगारातून विकत घेतलं. आत नुसता सांगाडा होता. मग ती एकेक वस्तू जमवत गेली. कुठून सुकाणू, कुठून खुर्ची, कुठून दिव्यांची बटणं.

तिचा नवरा कीथ म्हणायचा, "लोक पन्नाशीनंतर मांजर पाळतात. माझ्या बायकोने विमान पाळलंय."

"मांजरापेक्षा बरं. दूध मागत नाही," ती म्हणायची.

"दूध परवडलं असतं गं!"

सप्टेंबरात जुने सुटे भाग जमवणाऱ्यांचा मेळावा भरला होता. तिथे एका म्हाताऱ्याच्या खोक्यात तिला उंची दाखवणारी तबकडी मिळाली. काळी, तीन काट्यांची. मागे कागदी चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर विमानाचा नोंदणी क्रमांक.

तो क्रमांक तिला लहानपणापासून पाठ होता. वडिलांचं शेवटचं विमान.

तिने तबकडी आणली, पुसली, आणि कॅप्टन बसतो त्या डाव्या खुर्चीसमोरच्या भोकात बसवली. मागे कुठलीही नळी जोडली नाही. जोडायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी काटा थोडा सरकलेला दिसला. तिला नवल वाटलं नाही. ही तबकडी हवेच्या दाबावर चालते. हवा बदलली की शंभर-दोनशे फूट इकडेतिकडे व्हायचंच.

पण ऑक्टोबरात एका धुक्याच्या दुपारी ती आत खिळे मोजत बसली होती...

आणि तिच्या कानांना दडे बसले.

विमान खाली येताना बसतात ना, तसे.

तिने वर पाहिलं. काटा पाच हजारांवर होता. आणि हळूहळू खाली येत होता.

चार हजार. तीन हजार. दोन.

बाहेर कावळे ओरडत होते, ते गप्प झाले होते. कीथचा रेडिओही ऐकू येत नव्हता.

दोनशेवर येऊन काटा थांबला.

आणि उजव्या बाजूला, रिकाम्या खुर्चीच्या पट्ट्याचा खटका वाजला... खट्.

पुढच्या तीन आठवड्यांत असं चार वेळा झालं. दर वेळी चार वाजून दहा मिनिटांनी. दर वेळी दोनशेवर थांबणं.

कीथला सांगितलं तर तो हसला. मग ब्रिजेटने पत्र लिहिलं. कुणाला? अ‍ॅलेक विंटलला. तिच्या वडिलांशेजारी त्या दिवशी बसलेला सहवैमानिक तोच. आता पंचाहत्तरीचा. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं, पण सत्तेचाळीस वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. पत्रात तिने एवढंच लिहिलं, की त्या विमानाची तबकडी मिळाली आहे, आणि ती आपोआप हलते.

पत्र पोचलं त्याच दिवशी फोन आला.

"दोनशेवर थांबते का गं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"हो... पण अ‍ॅलेककाका, तुम्हाला कसं..."

"आणि धुक्यातच. हो ना?"

ब्रिजेटने धुक्याबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता.

१५ नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी अ‍ॅलेक आला. हातात काठी, अंगात इस्त्री केलेला कोट. कीथने चहा पुढे केला. त्याने तो हातातच धरून ठेवला.

"पोरी, मी तुझ्या आईला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "लेस्ली एका क्षणात गेला, असं सांगितलं होतं. मला ते माहीत नव्हतं. तो खुर्चीत कलंडला. मी हाक मारली, उत्तर नाही. हाताला नाडी लागली नाही. पण माझेच हात एवढे कापत होते की मला काय कळणार? वीस मिनिटांवर एक विमानतळ होता. मी तिथे वळलो नाही."

"का?"

"तिथे कधी उतरलो नव्हतो. सगळीकडे धुकं. मागे एकेचाळीस माणसं. आपल्या ओळखीच्या धावपट्टीवर जावं म्हटलं. तिथे पोचायला तास लागला, चार वाजून गेले."

त्याने काठी खुर्चीला टेकवली.

"धुक्यात उतरताना एकाने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्याने उंची मोठ्याने मोजायची असते. मोजायला कुणीच नव्हतं. मी हजार फुटांवर आलो... आणि डावीकडून आवाज आला. 'हजार.'"

इतका वेळ गालात हसणाऱ्या कीथचं हसू मावळलं.

"'नऊशे. आठशे.' लेस्लीचाच आवाज. स्वच्छ. दोनशेपर्यंत. मग मला दिवे दिसले आणि तो गप्प झाला. खाली डॉक्टर म्हणाले, यांना जाऊन तास उलटून गेलाय."

अ‍ॅलेकने कप खाली ठेवला.

"आता तूच सांग. मेलेला माणूस मोजत होता... की जिवंत माणसाला मी मरू दिलं? सत्तेचाळीस वर्षं मला कळलेलं नाही, यातलं काय खरं असलेलं मला हवंय."

रागवावं की त्याचा हात धरावा, ब्रिजेटला कळेना. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "चला. चार वाजत आले."

कीथ शेडच्या दाराशी थांबला. आत जायचा त्याला धीर होईना. अ‍ॅलेक उजव्या खुर्चीत बसला. ब्रिजेट डाव्या. काचेबाहेर शेडची भिंत. पण धुकं फटींतून आत शिरलं होतं, आणि भिंत दिसेनाशी झाली होती.

चार वाजून आठ मिनिटं.

नऊ.

तिच्या कानांना दडे बसले. काटा पाच हजारांवर होता. अ‍ॅलेकने दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. त्याची बोटं अजिबात कापत नव्हती.

काटा खाली येऊ लागला...

ब्रिजेटला आठवतं ते एवढंच. काटा हजारावर आला होता, आणि तिने अ‍ॅलेककडे पाहायला मान वळवली.

मान वळवली तेव्हा शेडमध्ये अंधार होता.

अ‍ॅलेक तिच्याकडे टक लावून पाहत होता. त्याचा चेहरा ओला होता. तिचा घसा कोरडा पडला होता, तासभर ओरडल्यासारखा दुखत होता. घड्याळात चार पन्नास.

चाळीस मिनिटं. कुठे गेली?

"काय झालं? काका, काय झालं?"

"तू मोजलंस," अ‍ॅलेक म्हणाला.

"मी?"

"तोंड तुझं होतं."

दारातून कीथचा आवाज आला. पांढरा फटक पडला होता तो. "ब्रिज... आत तिसरं कोण आहे? पुरुषाचा आवाज होता. मी ऐकलाय."

तिने तबकडीकडे पाहिलं. काटा दोनशेवर नव्हता. शून्यावर होता.

"या वेळी शेवटपर्यंत मोजलं," अ‍ॅलेक म्हणाला. "खाली टेकल्यावर मी त्याला विचारलं. लेस्ली, तू तेव्हा जिवंत होतास का रे?"

"मग?"

"मग त्याने सांगितलं."

"काय सांगितलं?"

अ‍ॅलेक काठी टेकत उठला. तिने त्याची बाही धरली. "काका, माझे वडील होते ते! मला कळायला हवं."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणूनच नाही सांगत," तो म्हणाला. आणि धुक्यातून गाडीकडे चालत गेला. चहाला थांबला नाही, मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर शेडमध्ये काही झालं नाही. धुकं पडतं, चार वाजतात, काटा जागचा हलत नाही. ब्रिजेटने शेडला कुलूप घातलं. कीथने सुटकेचा निःश्वास टाकला.

अकरा दिवसांनी फोन वाजला. अ‍ॅलेक.

"पोरी, ते आता इथे येतं. माझ्या घरात. खुर्चीत बसलो की सुरू होतं."

"मोजणं?"

"हो. पण खाली नाही. आकडे वर चढतायत. परवा तीन हजार होते. काल सहा. आज सकाळी नऊ."

"बाबांना म्हणावं, आता पुरे," ब्रिजेट म्हणाली. "मी येऊ का तिकडे? मी सांगते त्यांना."

पलीकडे खुर्ची करकरली...

"तुझे बाबा नाहीत गं," अ‍ॅलेक म्हणाला. "आवाज तुझा आहे."

अ‍ॅलेक अजून आहे. फोन मात्र उचलत नाही. आकडा आता कितीवर गेलाय, ब्रिजेटला माहीत नाही. मला विचाराल तर तिला ते विचारायचंही नाहीये.

आणि कीथ हल्ली वरच्या छोट्या खोलीत झोपतो. आतून कडी लावून. कारण विचारलं तर म्हणतो, पाठ दुखते.

पण परवा कुंपणापाशी त्याने मला एकटीला गाठलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या घरापर्यंत येतो का हो मोजण्याचा आवाज? रात्री?"

मी नाही म्हणाले.

खोटं बोलले.