फोन हलवला का?

"माझी नोकरी जातेय हो, ताई!" आणीबाणी कक्षातली ऑपरेटर डोळे पुसतच आत आली. "अ‍ॅम्ब्युलन्स भलत्याच घरी गेली आणि खापर माझ्या डोक्यावर!"

ताई खासगी गुप्तहेर. मदतनीस त्यांचा धाकटा भाऊ. त्याला सगळं कळायचं, फक्त वरात निघून गेल्यावर.

झालं होतं असं. एका आजोबांच्या सुनेला घरीच कळा सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी इंटरनेटवर चालणाऱ्या फोनवरून "लवकर घरी या!" असं ओरडून फोन ठेवला आणि लगेच नातेवाइकांना लावत सुटले, त्यामुळे परत फोन लागेना. पत्ता ऑपरेटरच्या पडद्यावर आपोआप उमटला. अ‍ॅम्ब्युलन्स पोचली, तर दाराला कुलूप! शेजारच्या नर्सबाई धावल्या म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप. ऑपरेटरचे साहेब मात्र म्हणत होते, पत्ता हिनेच चुकवला.

"हा फोन इंटरनेट असेल तिथे चालतो," फोन कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. "तो कुठे आहे, हे ग्राहक सांगेल तेच खरं. आम्ही परवाच विचारलं, फोन हलवला का? ते नाही म्हणाले. म्हणजे आमचा पत्ता बरोबर."

ऑपरेटर आणि इंजिनिअरला घेऊन दोघं आजोबांच्या घरी पोचली. तिथे आनंदीआनंद होता. भिंतीशी गुंडाळलेल्या तसबिरी रचलेल्या, त्यातून वाट काढत आजोबा सगळ्यांना गोड वाटत होते.

"फोन? या टेबलावरून कुणाला इंचभर हलवू देत नाही मी! कंपनीलाही ठणकावून सांगितलं."

ताईंनी टेबलाच्या पायाचा उडालेला ताजा टवका पाहिला, मग दाराच्या चौकटीवरचा ओरखडा.

भावाला वाईट वाटलं. "सगळे खरं बोलताहेत. म्हणजे चूक पोरीचीच."

"सगळे खरं बोलताहेत, पोरगीसुद्धा," ताई हसल्या. "फोन टेबलावरून हललाच नाही. टेबलच हललं! तसबिरी अजून टांगायच्यात, टेबलाचा टवका आणि चौकटीचा ओरखडा एकाच उंचीवर आहेत. आजोबा, या घरात नवेच ना?"

"हो, नुकतेच आलो. पण फोन..."

"टेबलासकट आला. कंपनीनं 'घर बदललं का' असं विचारलंच नाही! त्यांच्याकडे जुनाच पत्ता राहिला, आणि तोच पडद्यावर आला."

इंजिनिअर कानापर्यंत लाल झाला. आजोबांनी तडक साहेबांना फोन लावला. "साहेब, पोरीचा काही दोष नाही. चुकलो मी."

"तिला आजच कामावर पाठवा," साहेब म्हणाले. ऑपरेटर रडता रडता हसली.

आजी नातवंडाला घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. "काय गं, तुमच्याकडचं बोलणं रेकॉर्ड होतं ना?"

"हो, आजी."

"मग मला एक कॉपी दे. सगळा संसार झाला, यांच्या तोंडून 'चुकलो मी' आज पहिल्यांदा ऐकलं!"