बांधावरचा दुसरा देव

"आत्या, पिशवीत तीनच आहेत," भूमिका म्हणाली, आणि प्रियांकाआत्याचा चेहरा उतरला.

आत्या भारताकडून लॉन बोल्स खेळते. हिरवळीवर ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ आपला जड काळा गोळा नेऊन थांबवायचा, असा तो खेळ. दिवाळीला धसईला, गावी आली तरी तिचा सराव सुटत नाही. काल तिन्हीसांजेला ती सारवलेल्या खळ्यावर गोळे टाकत होती. चारही गोळे एकाच संचातले लागतात, नाहीतर खेळूच देत नाहीत. आणि आज दुपारीच तिला निवड चाचणीसाठी दिल्लीला निघायचं होतं.

"चौथा नसेल तर संघातली जागा गेली," आत्या पुटपुटली.

ती आणि चुलतभाऊ भावेश खळ्याच्या उताराने शोधत निघाले. पेंढा उचकला, ओहोळ चाचपला. एकदम भावेश थबकला.

"बांधावर देव एकच होता ना गो?"

आता दोन होते, दोघांनाही शेंदूर फासलेला. एक नेहमीचा ओबडधोबड दगड, दुसरा गुळगुळीत गोल. शेजारच्या शेताचे महिपतकाका समोर हात जोडून उभे.

"कापणीचा पयला दिवस, म्हणून नारळ फोडाया आलो," ते म्हणाले, "तर देवाच्या बाजूला हा प्रगटलेला."

"काका, तो आत्याचा गोळा..."

"देवाला गोळा बोलतोस? हात लावशील तर बघ."

भावेशने पुढे केलेला हात मागे घेतला. वरून आत्याच्या हाका येत होत्या. भूमिका रडायच्या बेतात होती, पण डोकं चालू होतं.

"काका, शेंदराआधी देवाला अंघोळ घातलीत ना?"

काका चपापले. घाईत तेवढं राहूनच गेलं होतं!

ते धावत जाऊन कढत पाणी आणि रिठे घेऊन आले आणि स्वतःच चोळू लागले. भूमिका श्वास रोखून बघत होती. आपलंच चुकत असलं तर? शेंदूर ओघळला. काळा रंग दिसला, मग त्यावर कोरलेली अक्षरं.

"प्रियांका," काकांनी सावकाश वाचलं.

मग पंच्याने गोळा पुसून ते खळ्यावर आले. आत्याने तो टाकून पाहिला. गोळा ऐटीत वळला आणि पांढऱ्या चेंडूला टेकून थांबला. आत्याने तो उचलून पोटाशी धरला. तिचे डोळे भरले होते.

"पोरं डोकेबाज हायेत तुमची," काका म्हणाले. "मलाच कामाला लावलं."

त्यांनी गोळ्याला पुन्हा हात जोडले.

"शेताचं आमचं आमी बघू. तू हिचं बघ."