लोरेटाचा आवाज

दुबईत, करामातल्या जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये संवाद घोकत अजरा आरशाकडे बघून ओरडली, "अरे मेल्या, माज्या दारात काय करतंस?"

"मी… चौथ्या मजल्यावर जातोय," मागून आवाज आला.

या अल्ला! दार बंद होता होता कुणीतरी आत शिरलं होतं. उंच, चष्म्यातला, ओठ दाबून हसू अडवणारा. अजराला धरणी दुभंगावी असं झालं.

चौथ्या मजल्यावर डबिंगचा स्टुडिओ होता, आणि हा रुहान तिथं संवाद लिहायचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्तीवरची एक विनोदी कार्टून मालिका मराठीत येणार होती. त्यातली भांडखोर शेजारीण लोरेटा अजराच्या वाट्याला आलेली. रुहानने लोरेटाच्या तोंडी कोकणातल्या मुसलमान घरांतली बोली घातली होती. अजराची अम्मी अगदी तश्शीच बोलायची.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारूच नका! रोज माईकपाशी वेलची घातलेल्या करक चहाचा कप यायचा, मागून रुहान.

"आज कोण रागावलंय, लोरेटा की अजरा?"

"ओळखा."

"अजरा रागावली की नाक वर करते."

"नाकाकडे बघता होय तुम्ही?"

"सुरुवात नाकापासून केलीय…"

अजराला चहा उगाचच गोड लागायचा. पण नशीब कधी निवांत बसू देतं का? निर्माती अपर्णा एक दिवस म्हणाली, "अजरा, लोरेटा अजून गावंढळ कर. तोंड उघडलं की लोक हसले पाहिजेत. उद्या चॅनेलवाले ऐकायला येताहेत."

पोरगी टीव्हीवर येणार, असं अम्मी अख्ख्या इमारतीला सांगून बसली होती. शेजारणींमध्ये बसून ती स्वतःच्याच बोलण्याची टिंगल ऐकणार? आणि नाही म्हणावं तर मालिका हातची जाणार, रुहानचं काम जाणार… आणि मग रुहानही.

तरी तिने त्याला गाठलंच. "या मालिकेवरून तिकडे केवढे वाद झाले, माहितीये ना? आमची माणसं नेहमी आरडाओरडा करणारीच का दाखवता, असं तिथले लोक म्हणाले."

"काही जण असंही म्हणाले, की आमचीच माणसं आहेत, आम्ही हसणार."

"तुम्ही आपल्या माणसांवर हसताय कुठे? माझ्या अम्मीवर हसताय!"

रुहानचा चेहरा उतरला. "माझीही अम्मी असंच बोलते. मी श्रीवर्धनचा."

बातम्या दिल्यासारखं शुद्ध बोलणारा हा माणूस श्रीवर्धनचा? अजरा बघतच राहिली.

"कॉलेजात पहिल्या दिवशी घरच्यासारखं बोललो. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून… लोकांनी हसायच्या आत मीच हसवतो."

तिला त्याची दया आली, राग मात्र गेला नाही. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चॅनेलवाले समोर येऊन बसले. अजरा माईकपुढे उभी राहिली. तेवढ्यात हेडफोनमधून रुहानचा आवाज आला. "अजरा, लोरेटा दारातल्या त्या पोराला हाकलत नाहीये, तिला त्याची काळजी वाटतेय. तुला उशीर झाल्यावर तुझी अम्मी बोलते ना, तसं बोल."

अजरा तसंच बोलली. कुणीही हसलं नाही.

"बघू. कळवतो," म्हणत चॅनेलवाले उठले.

"हे काम गेलं तर तूही खलास, रुहान!" अपर्णा सगळ्यांदेखत कडाडली.

रुहान निघाला तशी अजरा त्याच्यामागे बाहेर धावली. बाहेर ऑडिशनला आलेल्यांची ही गर्दी. "आता नोकरीचं काय?"

"इन्शाल्ला, होईल काहीतरी. अजरा, एक सांगायचं होतं… पण माझ्या तोंडून ते बातमीसारखं निघेल."

"मग घरी बोलता तसं सांगा."

त्याने गर्दीकडे पाहिलं. "मना तू जाम आवडतंस, अजरा."

कुणीतरी फिसकन हसलंच. रुहानचे कान लालबुंद झाले. आता हा मागे सरणार, असं अजराला वाटलं. पण मान खाली न घालता तो पुन्हा तेच बोलला. या वेळी मोठ्यानं.

"मना पण," अजरा म्हणाली, त्याच्याहून मोठ्यानं.