मलिद्याच्या दिवशी

"शैला, पोह्यांना हात लावू नकोस." हन्नाबाई किहीमकरांनी सवयीने बजावलं, आणि नारळ खोवून परातीशी आलेल्या शैलाने मुकाट्याने हात मागे घेतला...

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरी आनंदाचं काही असलं किंवा दूरचा प्रवास असला, की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होतो. मंगळवारी हन्नाबाई भाईंदरचं घर सोडून इस्राएलला, लेकीकडे, कायमच्या निघणार होत्या. आणि शैला? नऊ वर्षं नांदूनही ती परकीच! गुहागरची ही हिंदू पोर दानियलने लग्न करून आणली, ती सासूच्या मनात कधी भरलीच नाही. चार वर्षांपूर्वी दानियल गेला, तेव्हा तर हन्नाबाई चारचौघांत म्हणाल्या, की आता ही या दोन खोल्यांसाठी चिकटून बसणार. शैलाने तेही गिळलं. सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन, रोजचं इन्सुलिन, शुक्रवारचे दिवे, काही म्हणता काही चुकवलं नाही. लेकीचं बोलावणं आलं तेव्हा ‘जा आई, सुखात राहा’ असं तिनेच हसून सांगितलं. आता या घरात आपलं म्हणावं असं कोण उरणार, या विचाराने काळजात केवढी कालवाकालव झाली, ती तिची तिलाच ठाऊक!

नातेवाईक जमले, तेवढ्यात शैलाचा भाऊ चंदन आला. बिचाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहा घेता घेता म्हणाला, "चला, ताई सुटली एकदाची. दोन चांगली स्थळं आणली, दोन्ही हिने परतवली. म्हणे, आईंना एकटं कसं टाकू?" शैला डोळ्यांनी दटावतेय, आणि हा आपला सांगतोय, गावी तिची खोली कधीची सारवून ठेवलीय म्हणून.

 हन्नाबाई भिंतीला धरून उठल्या आणि सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्या धर्मग्रंथातली रूथची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय मी. परक्या घरची सून, नवरा गेला तरी सासूला सोडत नाही... दर वर्षी सणाला ती वाचली, की डोळे पुसायचे गं. आणि माझ्याच घरातली रूथ मला दिसली नाही. क्षमा कर पोरी."

"आई, असं नका ना बोलू..." शैला म्हणाली. हन्नाबाईंनी तिचा हात धरून तिला परातीशी बसवलं आणि मलिदा तूच कालव म्हणाल्या. एक काका खाकरले. हन्नाबाईंनी असं काही बघितलं, की ते खोकला गिळून गप्प बसले. मग लेकीला फोन लावून त्यांनी प्रकृती उत्तम असल्याचं आणि येणार नसल्याचं एका दमात सांगून टाकलं.

काकांना राहवेना. प्रवासच नाही, मग मलिदा कशाचा, त्यांनी विचारलं.

"मला दुसरी मुलगी झालीय, तिचा," हन्नाबाई म्हणाल्या.

घरभर हशा पिकला. शैला रडत होती, हसत होती, पोहे नि नारळ एकजीव करत होती. हन्नाबाई चंदनकडे वळल्या.

"आता तिसरं स्थळ आण. पण पाहुणे इथे, माझ्या घरी येतील. मुलीकडची बाजू मी सांभाळणार."