रामाजीचा वन्स मोअर

पोट्टेहो, तो रेडिओ बंद करा पहिले. गाण्याचीच गोष्ट सांगून राहिलो.

रामाजी माया मामेभाऊ. गावच्या नाटक मंडळीतला गाणारा. त्याचं पद झालं का मांडवातून 'वन्स मोअर' उठलाच म्हणून समजा. अन् गड्याले त्याचा माज बी होता, चांगला पायलीभर. पुढचं सारं त्यानं मले पाटीवर लिहून सांगितलं. काहून, ते कळनच.

एक्क्याऐंशी साल. मार्गशीर्षातली अमावास्या, शनिवार. नव्या पडद्याचं कापड घ्याले तो नागपूरले आला. गांधीबागेत ताराचंद शेठशी भाव करता करता दिवस बुडाला, गावची यष्टी गेली. शेठ म्हणे, "दुकानातच झोपा, रामाजी." तो जेवाले बाहेर पडला. परत येताना मागच्या गल्लीत, एका माडीवरून गाणं आलं.

जिन्याशी एक बाई उभी. म्हणे, "पोरगी सोताचेच गाणे म्हणते. आयकाचे असन तं या. पण टाळी नाही, बोलनं नाही. संपलं का गुमान उतरा."

वर लहानशी खोली. सतरंजीवर दहा-पंधरा माणसं, गुडघ्याले गुडघा लावून. समोर वीस-बावीस वर्षांची पोरगी, मांडीवर गिटार. ना माइक, ना पेटी-तबला. घरच्या माणसाशी बोलावं तशी गात होती. असं गाणं रामाजीनं जन्मात आयकलं नव्हतं. पण आयकणारे? कोणी मान डोलवे ना. सारे डोळे मिटून, दात आवळून बसले. दुखणं सोसून राहिल्यासारखे.

शेवटचं गाणं संपलं. सगळ्यायनं श्वास सोडला. एक म्हातारा "सुटलो" म्हणत उठू लागला.

अन् रामाजी... नाटकवाला गडी. सवयीनंच वरडला.

"वन्स मोअर!"



सारे वळले. डोळ्यात असा राग, का यानं कोणाचं लेकरू मारलं.

"कोन बोल्लं?" म्हातारा म्हणे. "आज सुटलो असतो गा आम्ही... आज सुटलो असतो!"

रामाजी उठला. एकानं धोतर धरलं. एकानं मनगट. हात थंड... ओले...

पोरगी हसली नाही. "माया आवाज सरला, भाऊ. पुन्हा म्हणाचं तं... तुमचा द्या."

त्यानं 'नाही' म्हणाले तोंड उघडलं.

...

उघडलं, पोट्टेहो. आवाज नाही.

अन् समोर पोरगी गाऊ लागली. रामाजीच्या आवाजात.

तवा कुठी त्यायनं हात सोडले.

सकाळी त्यानं शेठले हाताले धरून गल्लीत नेलं. माडी होती. जिना नव्हता. कधीचाच पडला होता म्हणे.

डॉक्टर झाले, देव झाले. मरेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मंडळीनं त्याले पडदा ओढाच्या कामाले लावलं. तोच पडदा, त्यानंच आणलेल्या कापडाचा. लोकं दुसऱ्याले वन्स मोअर देत, अन् हा दोरी धरून उभा. मले पाहवत नव्हतं.

आवाज गेला त्याच्या आदल्या सालच्या नाटकाची टेप आहे मायापाशी. रामाजी गेला त्या राती त्याचा आवाज आयकावा म्हणून लावली. पेटी वाजते. तबला वाजते. त्याच्या गाण्याची जागा येते... रिकामी. पद संपते. मांडवाचा गलका पाहिजे, तो बी नाही.

निस्ता एका पोरीचा आवाज. माइकाजवळून. हळू...

"वन्स मोअर."